न बोलण्याचा डाव

९ फेब्रुवारी, रविवार दुपार

ताई,

पाकीट फाडलंस म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं, म्हणजे वाचणं, ते मशीनवर बसल्या बसल्या एका डोळ्याने केलंस तरी चालेल. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी तुझं ते ‘हं, बोल’ ऐकलं की माझी बोबडी वळते. कागदावर निदान तू मध्येच तोडणार नाहीस.

तू विचारायच्या आधी सांगतो, नोकरी सोडलेली नाही. त्याच धुलाई कारखान्यात आहे आणि पाचवा महिना चालू आहे. तू बोटांवर मोजायचीस ना, अमुक ठिकाणी एकोणीस दिवस, तमुक ठिकाणी महिना, आणि तू शब्द टाकून लावून दिलेल्या तुमच्या शिवणकामाच्या कारखान्यात अकरा दिवस. त्या अकराव्या दिवशी सगळ्या बायकांसमोर मी तुला म्हणालो, मशीनवर बसून बसून तू मशीनच झालीयस. चौदा महिने झाले त्याला. मी ते वाक्य विसरल्यासारखं दाखवणार नाही, म्हणून इथे लिहून टाकलं.

इथे दवाखान्यांच्या आणि लॉजांच्या चादरी येतात. धुऊन, पिळून ओल्या गठ्ठ्याने आमच्यापुढे पडतात. एका खोलीएवढं इस्त्रीचं यंत्र आहे, लांबच लांब तापलेले रूळ. दोघांनी चादरीची दोन टोकं धरायची, एक झटका देऊन पसरायची आणि पट्ट्यावर ठेवायची. पट्टा तिला रुळात ओढून नेतो आणि पलीकडून ती कोऱ्या कागदासारखी बाहेर येते. तिथे मावशी उभी असते घडी घालायला. दिवसाला हजार-बाराशे चादरी होतात. मला अशा कामावर अकरा दिवससुद्धा निघायचे नाहीत हे तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

पण दुसऱ्या टोकाला वजनकाटा काका आहेत. वय छप्पन्न. ओला गठ्ठा नुसता उचलून किलो सांगतात, पावभराचाही फरक पडत नाही, म्हणून हे नाव. पहिल्या महिन्यात मी नुसता बडबडत असायचो. रुळांच्या घरघरीत ओरडून ओरडून बोलायचो, कारण गप्प बसलो की डोक्यात किडे वळवळतात. एक दिवस काका म्हणाले, “तुझं तोंड आणि हे यंत्र सकाळी एकदमच सुरू होतं. यंत्र बंद करायची दोरी मला ठाऊक आहे. तुझी कुठे आहे ते सांग.”

मग म्हणाले, “डाव लावू. चहाच्या सुट्टीपर्यंत जो आधी बोलेल तो हरला. हरेल त्याने ओल्या गठ्ठ्यांचा गाडा ढकलायचा.”

ताई, चोवीस वर्षांचा घोडा मी, मला हसू आलं. पण लावला डाव. बोलायचं नाही तर सांगायचं कसं, म्हणून खुणा निघाल्या. डागाची चादर आली की नाक दाबायचं. फाटकी आली की एक डोळा मिटायचा. सुपरवायझर येताना दिसला की ओठांचा चंबू, कारण त्याच्या गळ्यात शिट्टी असते. पंधरा दिवसांत काकांनी मला एक अख्खी गोष्ट सांगितली, काकूंनी मांजराला घराबाहेर काढलं आणि दार लागून स्वतःच बाहेर राहिल्या ती. एक शब्द नाही. मधे शंभर चादरी गेल्या असतील. माझ्या डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, आणि तोंड घट्ट मिटलेलं. पलीकडून मावशी बघायची. आठवडाभरात तीही खेळायला लागली, तिच्या खुणा तर आमच्यापेक्षा वाह्यात.

पूर्वी रविवार आला की मला भिंती अंगावर यायच्या. काम असलं की काम नको, नसलं की जीव कुठे ठेवू कळायचं नाही. आता रविवारी आरशापुढे उभा राहून सोमवारच्या खुणा बसवतो. खोलीतला एकजण विचारत होता, तुला काही होतंय का.

काका सध्या कामावर येत नाहीत. हाताला जरा लागलंय. विशेष काही नाही.

तुमच्या कारखान्यात कुणाला लागलं तर नंतर काय करतात गं? म्हणजे विचारपूस कोण करतं, किती दिवस चालते? सहज विचारतोय.

तुझा भिंगरी

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई,

उत्तराची वाट बघितली असं म्हणणार नाही. पण रोज जिन्याखालच्या पेटीत हात घालून बघत होतो.

‘विशेष काही नाही’ असं मी लिहिलं होतं. ते तसं नाही. गेल्या गुरुवारच्या आदल्या गुरुवारी काकांचा डावा हात रुळाखाली गेला. पूर्ण नाही. बोटं आणि तळव्याचा वरचा भाग. मी दोरी ओढली, यंत्र थांबलं, पण रूळ तापलेलाच असतो, तो काही दोरीने थंड होत नाही. पुढचं लिहीत नाही.

माझी पाठ होती. मी मागच्या गाड्यातून पुढची चादर घेत होतो. सुपरवायझरने विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं आणि त्याने ते लिहून घेतलं. काकांच्या नावापुढे त्याने लिहिलं, ‘कामात लक्ष नव्हतं.’ येत्या शुक्रवारी मोठ्या कचेरीतून माणसं येणार आहेत. ती आम्हाला एकेकाला विचारतील आणि कागद पक्का होईल. तो शेरा पक्का झाला तर काका पुन्हा कारखान्यात पाय ठेवू शकणार नाहीत. हात बरा झाला तरी नाही.

काल दवाखान्यात जाऊन आलो. हात खांद्यापर्यंत उचलून बांधलाय, जसा वर्गात कुणी प्रश्न विचारायला वर करावा. मी पायाशी उभा. चादरीची सुरकुती हाताने सपाट करत राहिलो. काकाच म्हणाले, “बस की. आता डाव चालू नाहीये, बोललास तरी चालेल.”

मी बसलो आणि शेऱ्याचं सांगितलं.

“लिहू दे,” म्हणाले. “आजवर माझ्या नावापुढे कुणी काही लिहिलंच कुठे होतं?”

“काका, मस्करी नाही. तुम्हाला काढतील.”

“शुक्रवारी डावाचं नाव काढू नकोस,” ते म्हणाले. “मावशीलाही सांग. एकदा त्यांच्या कानावर गेलं की ते सगळ्यांचे हात बांधतील. अरे, बावीस वर्षं मी चादरी घालतोय. त्यातला कुठला दिवस आठवतो विचार. एक नाही आठवत. हे तीन महिने विचार, तासातासाचं सांगतो.”

काकू बाजूला फळ कापत होत्या. त्या म्हणाल्या, “घरी येऊनही हे खुणाच करायचे. जेवायला वाढ हे सांगायला पंधरा मिनिटं. मी मुद्दाम समजत नाही असं दाखवायची.” आणि मग सुरी खाली ठेवून त्या बाहेर गेल्या.

मी त्यांना हो म्हणून आलोय. डावाचं नाव काढणार नाही. बरोबर ना? त्यांनीच सांगितलं म्हटल्यावर माझ्याकडे काय दोष येतो?

भिंगरी

१९ फेब्रुवारी, बुधवार, जेवणाच्या सुट्टीत

ताई,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. तुला कोणतं ते कळलं असेल. लहानपणी मी खोटं बोललो की तू नुसती बघत राहायचीस, आणि मी आपणहून ओकायचो. आता तू समोर नाहीस तरी तेच होतंय. तीन दिवस जेवण जात नाहीये.

माझी पाठ नव्हती.

चादरीची किनार उसवली होती. शिवलेली पट्टी सुटून फासासारखी लोंबत होती. चादर पट्ट्यावर ठेवताना ती काकांच्या डाव्या हाताच्या तीन बोटांत अडकली. काकांचं लक्ष माझ्याकडे होतं, कारण खूण करायची पाळी माझी होती. मला पट्टी दिसली. बोटं दिसली. रूळ अजून वीतभर लांब होता. वीतभर म्हणजे किती वेळ, ते तू मशीनवर बसतेस, तुला कळेल. ‘काका’ एवढं म्हणायला पुरेल इतका.

मी म्हणालो नाही. मी हात हलवले. दोन्ही हात. मग त्यांच्या बोटांकडे बोट दाखवलं.

काकांना वाटलं, मी नवीन खूण काढली. त्यांनी उजव्या हाताने तीच खूण मला करून दाखवली आणि भुवया उडवल्या, म्हणजे याचा अर्थ काय. ते हसत होते. मग हात ओढला गेला. मग मी ओरडलो.

का ओरडलो नाही आधी, हे मी दोन आठवडे स्वतःला विचारतोय. घाबरलो, सुचलं नाही, असं सगळं सांगून बघितलं. त्यातलं काही खरं नाही. चहाला चार मिनिटं उरली होती, आणि तीन दिवस मी सारखा हरत होतो. एवढंच आहे, ताई. गाडा ढकलावा लागू नये म्हणून.

तू पूर्वी म्हणायचीस, तुझ्या खेळापायी कुणाच्या तरी जिवाशी येईल एक दिवस. तेव्हा मी दार आपटून जायचो. आता वाटतं, तू बरोबर होतीस आणि मोठ्या माणसाने खेळूच नये. असं ठरवून सोमवारी दिवसभर गप्प राहिलो. डाव म्हणून नाही, नुसताच गप्प. नवीन माणूस आहे दुसऱ्या टोकाला, तोही गप्प. दुपारपर्यंत माझं लक्ष चार वेळा उडालं. चौथ्यांदा माझीच बाही रुळापर्यंत गेली. डाव चालू असताना तीन महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. तेव्हा आम्ही एकमेकांकडे सारखे बघत असायचो ना. म्हणजे खेळ वाईट म्हणू की चांगला, मला ठरवता येत नाही. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने हे कुणाला विचारायचं?

परवा शुक्रवार. सांगितलं तर मी जाईन, डाव जाईल आणि काकांना दिलेला शब्द जाईल. नाही सांगितलं तर काका जातील, माझ्या तोंड न उघडण्यामुळे दुसऱ्यांदा.

हे पत्र शुक्रवारपर्यंत तुला मिळणार नाही, हे कळतंय. तरी लिहितोय. भोंगा झाला.

भिंगरी

२३ फेब्रुवारी, रविवार

ताई,

झालं ते सांगतो.

कचेरीत टेबलामागे दोन पुरुष आणि एक बाई. बाजूच्या खुर्चीत सुपरवायझर, शिट्टी खिशात घातलेली. विचारायचं काम बाईंकडे होतं. त्यांनी माझा कागद वाचला. “तुझी पाठ होती. बरोबर?”

बरोबर म्हटलं असतं तर मी दोन मिनिटांत बाहेर होतो. दार उघडंच होतं. आणि ताई, खोटं नाही सांगत, मी मान हलवायला लागलो होतो. मान हलवणं सोपं असतं. मग वाटलं, पुन्हा खूणच करतोय मी.

“नाही,” म्हणालो. “मी बघत होतो.”

मग सगळं सांगितलं. चार मिनिटं उरली होती तेसुद्धा.

“डाव?” त्यातला एक पुरुष म्हणाला. “कामावर?”

सुपरवायझर लगेच, “मॅडम, मी सांगत होतो, या लोकांना जरा सैल सोडलं की डोक्यावर बसतात.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाल्या, “कसल्या खुणा?” मी नाक दाबून दाखवलं, डोळा मिटून दाखवला. “आणि सुपरवायझर आला की?” मी त्याच्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि ओठांचा चंबू केला. बाईंनी तेही लिहून घेतलं, तोंडावरची रेघ न हलवता. काय लिहिलं असेल देव जाणे. तेवढ्यातही मला आतून हसू आलं, याची मला लाज वाटली.

काकांच्या नावापुढचा शेरा खोडला. उसवलेली चादर न बघता पुढे आली कशी, याची वेगळी चौकशी होणार आहे. हात बरा झाला की काकांना घडी घालायच्या टेबलावर घेणार, यंत्रावर नाही. मला यंत्रावरून काढून मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलंय. नोकरी गेली नाही, का गेली नाही हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. यंत्राजवळ पाटी लागलीय, ‘खाणाखुणा व खेळ करण्यास सक्त मनाई.’

मावशी माझ्याशी बोलत नाही. आणि हा डाव नाही.

काल काकांकडे गेलो. त्यांना कळलेलंच होतं. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी फळांची पिशवी धरून उभा. मग भिंतीलाच सांगितल्यासारखे म्हणाले, “बोलायचं होतं तेव्हा गप्प बसलास. गप्प बसायचं होतं तेव्हा बोललास. तुझ्याइतका वाईट गडी मी बघितला नाही.”

“काका, चुकलं.”

“कुठलं?”

“पहिलं.”

ते वळले. “आणि दुसरं?”

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग म्हणाले, “काकूला म्हणालो होतो, पोरगं टिकायचं नाही, सांगेल. तिने म्हटलं, सांगू दे, तुमची बुद्धी बोटांबरोबर भाजली का?” उशी सरकवत म्हणाले, “चूक माझी पण आहे. डाव लावला मी. पण त्यातून बाहेर पडायची सोयच ठेवली नाही. एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं.”

त्यांनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. फळं ठेवून घेतली.

भिंगरी

६ एप्रिल, रविवार सकाळ

ताई,

तुझी चिठ्ठी आली. पाच ओळी. उभ्या उभ्या जिन्यातच वाचली, मग खोलीत येऊन बसून वाचली. पहिल्या तीन ओळींतल्या शिव्या पावल्या. मळक्या कपड्यांना हात लावल्यावर हात धुतो, दोनदा धुतो. चौथ्या ओळीत तू मला भिंगरी म्हटलंस, त्याबद्दल काही लिहीत नाही.

पाचवी ओळ मात्र तिथल्या तिथे पाठ झाली. ‘त्या खुणा कशा करतात ते लिही. आम्ही बाराजणी आहोत, मशिनींच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही आणि दिवस सरत नाही.’

पहिल्यांदा वाटलं, लिहूच नये. तुमच्याकडे सुया आहेत. कात्र्या आहेत. कोपऱ्यात ती वाफेची इस्त्री आहे, तिच्या जवळून जाताना तुझा पदर मी स्वतः दोनदा ओढलाय. चार दिवस असेच गेले. उत्तर लिहायला बसायचो आणि मला त्या बारा जणींची बोटंच दिसायची.

मग काकांना विचारलं. ते सोमवारपासून घडीच्या टेबलावर आहेत. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, तशीच ताठ राहतात. उजव्याने आणि कोपराने घडी घालतात, मावशी अर्धी धरते. चहाच्या सुट्टीत मळक्या खोलीत येऊन माझ्या शेजारी गठ्ठ्यावर बसतात. तिथे यंत्र नाही, पाटी नाही. परवा आल्या आल्या त्यांनी एक गठ्ठा उचलला, तोंड न उघडता उजव्या हाताची चार बोटं दाखवली, मग मूठ. मी काट्यावर ठेवला. साडेचार किलो. मावशीही दाराशी येऊन उभी होती. तिने नाक दाबलं. खोलीला उद्देशून की मला, ते कळलं नाही, पण नाक दाबलं.

तुझी चिठ्ठी मी काकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “लिही तिला. पण आधी नियम लिही, मग खुणा.”

तर नियम. हात कामावर असतील तेव्हा खूण करायची नाही. चाक थांबलं, धागा संपला, कापड बदललं, तेवढ्यात करायची. इस्त्रीवर बसेल तिने त्या दिवशी खेळायचंच नाही, तिने आणि तिच्या शेजारणीने. आणि मुख्य हा. कुणाच्या बोटाशी, पदराशी, केसांशी काहीही दिसलं, किंवा नुसतं दिसल्यासारखं वाटलं, की ओरडायचं. हात हलवायचे नाहीत, ओरडायचं. जी ओरडेल ती हरत नाही. तिचा तो दिवस जिंकलेला धरायचा, आणि काही नव्हतंच असं निघालं तरी जिंकलेलाच धरायचा. हसायचं नाही तिला. हे काकांनी मुद्दाम लिहायला सांगितलं, कारण हसतील या भीतीने माणूस गप्प बसतो.

हे सगळं बाराजणींना तोंडाने म्हणायला लाव. तू म्हण, मग त्या म्हणतील. मग मुकादम, डाग, फाटकं यांच्या खुणा तुम्हीच काढा, आमच्या तुम्हाला बसणार नाहीत. हरलेलीने काय करायचं तेही तुम्ही ठरवा. जड काही ठेवू नका. इतकं हलकं ठेवा की हरायला कुणाला काही वाटू नये. आमचं तिथेच चुकलं.

आणि तू खेळ, ताई. नुसती देखरेख करू नकोस.

ज्या दिवशी डाव लावाल त्याच संध्याकाळी लिही, दुसऱ्या दिवसावर ठेवू नकोस. पहिल्या ओळीत सगळ्यांचे हात धड आहेत एवढं लिही. मग कोण हरलं ते.

भिंगरी